अबू खालिदच्या साठ पुंगळ्या

आमच्या घरात देवांपेक्षा बाबांच्या मायक्रोमीटरचं सोवळं कडक होतं. देवांना निदान आंघोळ करून हात लावता यायचा. मायक्रोमीटरला आंघोळ करूनही नाही. तो हिरव्या मखमलीच्या पेटीत, पेटी पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली बाबांच्या जानव्याला. बाबा मूळचे सटाण्याचे, हाडाचे टर्नर, आणि आखातात, मंगफच्या दक्षिणेला तेलाच्या पट्ट्यातल्या एका वर्कशॉपमध्ये बारीक कामाचे फोरमन. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे इंजिनियर राहायचे, पुण्याचे आणि मुंबईचे. ते आपल्या मुलांना सांगत, अभ्यास कर म्हणजे इंजिनियर होशील. बाबा मला सांगत, "वैजू, इंजिनियर चुकला की तो टर्नरकडे येतो. टर्नर चुकला तर त्याने कुणाकडे जायचं?" त्यामुळे टर्नरने चुकायचंच नाही, असा त्यातला मथितार्थ. त्यांचे दोन नियम होते आणि ते पाढ्यांसारखे पाठ होते मला. पहिला, हत्यार कधी कोरडं ठेवायचं नाही, वापरलं की पुसून तेलाचा हात फिरवायचा. दुसरा, काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सतरा ठिकाणी पाने घालायचे नाहीत. मी सोळा वर्षांची होते, एकुलती एक होते आणि मला त्या ट्रंकेत हात घालायचा होता. एवढी एकच इच्छा होती म्हटलं तरी चालेल.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर. खिडकीतला एसी चोवीस तास घरघरायचा, इतका की तो बंद पडला की आम्ही दचकून जागे होत असू. दोन मशिदींच्या अजाना थोड्या मागेपुढे यायच्या आणि मधल्या त्या क्षणात आई हटकून म्हणायची, "चला, वरणाला फोडणी टाकते." आईचं घड्याळ तेच होतं. आईचं सगळं जग तेरा फुटांच्या स्वयंपाकघरात होतं आणि त्या जगात तिचा एकच वैरी होता, मक्याचं तेल. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, मोठ्या डब्यात तेच स्वस्त मिळायचं. शेंगदाण्याचं हवं तर फरवानियाला जा, बस बदला, उन्हात उभं राहा. म्हणून ती मक्याचं आणायची आणि वापरताना दररोज त्याचा उद्धार करायची. "हे तेल आहे का सरस? कढईला धरतं ते धरतंच! घासून घासून माझी बोटं झिजली, पण हा चिकटा काही निघत नाही." कढईच्या काठाला तांबूस, काचेसारखा थर बसायचा. नख लावलं की पापुद्रा निघायचा आणि खालून पुन्हा थर. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकूच येत नसे. ऐकलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

बिल्डिंगचे मालक अबू खालिद. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात मण्यांची माळ आणि आवाज असा की पार्किंगमधून बोलले तरी चौथ्या मजल्यावर ऐकू यावं. बाबांनी त्यांच्या पाण्याच्या पंपाचा दांडा घासून नवा बसवून दिला तेव्हापासून ते बाबांना 'उस्ताद' म्हणायचे. पंप पुन्हा कधी कुरकुरला नाही, आणि उस्तादांवरचा त्यांचा विश्वास वाढतच गेला. एकदा ते स्वतः जिने चढून वर आले. धापा टाकत सोफ्यावर बसले, आईच्या हातचा आलं घातलेला चहा दोन कप प्यायले आणि मग मुद्द्यावर आले. त्यांच्या वडिलांची एक जुनी शिकारी रायफल होती. परवाना होता, रायफल शूटिंग क्लबच्या कपाटात बंद असायची. वडिलांनी तिने वाळवंटात हरणं मारली होती. आता शिकारीला बंदी, म्हणून अबू खालिद वर्षातून एकदा, थंडी सुरू झाली की क्लबच्या मेळाव्यात पुठ्ठ्याच्या निशाण्यावर पाच गोळ्या झाडायचे. वडिलांच्या आठवणीखातर. बस्स, एवढंच. अडचण अशी की त्या मापाची काडतुसं आता कुठे मिळत नव्हती. गोळी सुटल्यावर जी पितळेची रिकामी पुंगळी उरते, तीच पुन्हा भरून वापरावी लागे. अशा साठ पुंगळ्या जगात त्यांच्याकडे शिल्लक होत्या, आणि पुन्हापुन्हा भरून त्यांची तोंडं ताणली गेली होती. ती एका मापात कापायला नाजूक हात हवा होता.

भरायचं काम क्लबमध्ये, कुलूपबंद खोलीत, हसनचाचा करायचे. हसनचाचा श्रीवर्धनकडचे. क्लबची सगळी हत्यारं त्यांच्या ताब्यात, आणि अरबी इतकं फर्डं की अबू खालिद आणि बाबा यांच्यामध्ये तेच दुभाषी. पुंगळ्या घरी आणायच्या तर कागद लागतो. हसनचाचांनी तो 'वरका' करून आणला, त्यावर क्लबचा शिक्का: साठ रिकामी पितळी नळकांडी, आत बारूद नाही, बुडाला टोपी नाही. बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात त्या आमच्याकडे आल्या. बाबांनी वर्कशॉपमध्ये एक छोटंसं कापणीचं साधन बनवलं, हाताने फिरवायचं. आठ दिवस संध्याकाळी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते एकेक पुंगळी धरायचे, तोंड कापायचे, मायक्रोमीटरने मापायचे आणि डब्यात उभी करायचे. मी समोर बसून भूगोल वाचत असल्याचं दाखवायचे. "मी एक करू का, बाबा?" "नाही." "नुसतं मापू?" "वैजू, भूगोल." साठावी झाली तेव्हा बाबांनी डब्याला चिकटपट्टी लावली आणि डबा ट्रंकेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. लोकांकडे शस्त्रांची पूजा होते. आमच्याकडे पाने, पक्कड, व्हर्निअर, मायक्रोमीटर. आईचं पोळपाट-लाटणं आणि मिक्सरही रांगेत असे. आपट्याची पानं मी हिरव्या कार्डशीटची कापायचे, झेंडू प्लास्टिकचा, पण श्रद्धा अस्सल. सकाळी बाबा ड्यूटीला गेले होते, दुपारी येऊन पूजा करणार होते. आई देवाची भांडी घासायला बसली: चिंच, मीठ, मग स्वच्छ धुवायचं, फडक्याने कोरडं करायचं, आणि शेवटी तेलाचं बोट, म्हणजे पितळ काळं पडत नाही. तिचं झालं आणि ती शेजारी हळदीकुंकवाला गेली. माझ्यासमोर चिंचेचं पाणी उरलेलं, तेलाची वाटी उरलेली आणि ट्रंकेवर तो निळा डबा. साठ पितळी पुंगळ्या, मळकट, काळ्या पडलेल्या. आणि तासाभरात त्यांची पूजा! मी म्हटलं, समई चकचकीत आणि हत्यारं अशी? बाबांना काय वाटेल? आगाऊपणा अंगात मुरलेला असला की माणसाला आपण फार गुणी आहोत असं वाटतं. मी चिकटपट्टी अलगद काढली, एकेक पुंगळी चिंचेने घासली, धुतली, खिडकीच्या उन्हात वाळवली आणि बाबांचा नियम आठवून, हत्यार कोरडं ठेवायचं नाही म्हणून, प्रत्येकीला बाहेरून मक्याच्या तेलाचा हात दिला. आतून नाही हां, तेवढी अक्कल होती. मग डबा होता तसा बंद केला. बाबांनी दुपारी डब्याच्या झाकणावरच हळदकुंकू वाहिलं. तो उघडलाच नाही. मी सांगणार होते, पण त्यांनी विचारलंच नाही, आणि विचारल्याशिवाय सांगितलं तर 'हात का लावलास' हे आधी येणार होतं. मग तो डबा हसनचाचा येईपर्यंत आठवडाभर मागच्या बाल्कनीत, ऑक्टोबरच्या उन्हात पडून राहिला.

पुढची गंमत मला नंतर कळली. हसनचाचांनी डबा उघडला आणि ते थक्क झाले. अशी चकाकी! हातालाही काही लागत नव्हतं, जणू लाख फिरवलीय. ते मनात म्हणाले, भामरेसाहेबांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, काय सुंदर पॉलिश केलंय. काडतुसं भरून झाल्यावर बाबांनी ती पाहिली तेव्हा त्यांना वाटलं, हसनभाईंनी मशीनमध्ये घालून चमकवली असणार. दोघेही सभ्य माणसं. दोघांनी एकमेकांची मनातल्या मनात तारीफ केली आणि विचारलं कुणीच नाही.

मेळाव्याआधी तीन शुक्रवार सराव असायचा. पहिल्या शुक्रवारी बाबा गेले आणि संध्याकाळी परतले ते वेगळेच. चहाही मागितला नाही. आईने खुणेने मला विचारलं, काय झालं? मला काय माहीत! जेवताना हळूहळू बाहेर आलं. पहिल्या दोन गोळ्या ठीक. गोळी झाडली, बोल्टाचा दांडा उचलला, मागे ओढला, रिकामी पुंगळी टुणकन बाहेर. तिसरीला दांडा जड गेला. चौथीला तर उचलेचना. नळीच्या तोंडातून साफ करायची कांडी घालून हसनचाचांनी ती पुंगळी हलकेच मागे ढकलून काढली. क्लबचा तपासनीस शेजारीच उभा होता, वहीत लिहिणारा, न हसणारा माणूस. त्याने स्पष्ट सांगितलं, जुनं हत्यार आहे, पुंगळी अडकते म्हणजे धोका आहे. मेळाव्याच्या आधी दोष सापडला नाही तर नळी कायमची बुजवायची आणि रायफल भिंतीवर लटकवायची. अबू खालिद फक्त बाबांकडे बघून म्हणाले होते, "उस्ताद?" आणि बाबा म्हणाले होते, "मैं हूँ ना." हे सांगताना बाबांचा घास हातातच राहिला.

मग सुरू झाली शोधाशोध. आज माझा व्यवसायच हा आहे. कारखान्यांतल्या बिघडलेल्या नळ्या, फुटलेले सांधे माझ्याकडे येतात आणि ते का बिघडले हे मी सांगते. पण त्या दिवसांत बाबा आणि हसनचाचांनी ज्या शिस्तीने शोध घेतला, तशी शिस्त मी मोठमोठ्या लोकांत पाहिलेली नाही. एका वेळी एकच गोष्ट. आधी उष्णता. काडतुसं गाडीत तापली असतील, तापलेला बारूद जोर जास्त करतो, पितळ फुगून घट्ट बसतं. म्हणून ती थर्मासच्या पेटीत नेली. तरी अडकली. मग भरताना चूक? हसनचाचांनी चार काडतुसं उघडून बारूद पुन्हा तोलला. मागच्या वर्षीइतकाच, तिळाचाही फरक नाही. तरी त्यांनी थोडा कमी करून पाहिला. अडकलीच. मग जिथे काडतूस बसतं ती खोबण खरबरीत झाली असेल, म्हणून हसनचाचांनी ती ब्रशने साफ केली. आणि गंमत बघा, साफ केल्यावर पहिल्या दोन सुटल्या, मग पुन्हा तेच! पुन्हा साफ केली, पुन्हा दोन सुटल्या, पुन्हा तेच.

हसनचाचा घरी येऊन डोकं धरून बसले. "भामरेसाहेब, बंदुकीत काय नाय. साफ केली की चालते, म्हणजे जां काय येतंय तां पुंगळीबरोबरच येतंय."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे." आणि हसनचाचांच्या हातातल्या पुंगळीकडे बघत राहिले. त्या 'बरोबर आहे'चा अर्थ आमच्यापैकी कुणाला कळला नाही.

तो कळला दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी. आई सकाळपासून चकल्या तळत होती. घरभर भाजणीचा वास, ओट्यावर परातीत वेटोळी, आणि मी चव बघण्याच्या नावाखाली चौथी चकली संपवत होते. बाबा डायनिंग टेबलाशी बसले होते. समोर अडकलेली एक पुंगळी आणि उघडा मायक्रोमीटर. त्यांनी ती दहा वेळा मापली असेल. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने, पण आईकडे न बघता म्हणाले, "सुमन, उद्या वर्कशॉपमध्ये सांगून टाकतो. बारीक काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणून."

आईचा झारा थांबला. "का हो?"

"सगळं तपासलं. उष्णता नाही, बारूद नाही, बंदूक नाही. राहिल्या पुंगळ्या. आणि पुंगळ्यांना हात फक्त माझा लागलाय. माप तर बरोबर दिसतंय. म्हणजे एक तर मला माप दिसत नाही, नाहीतर हात कापतोय आणि मला कळत नाही." त्यांनी आपला उजवा हात उताणा करून पाहिला. "गेला असेल हात. सगळ्यांचाच जातो कधीतरी. त्या म्हाताऱ्याच्या बापाची आठवण माझ्या हाताने भिंतीवर गेली, एवढंच वाईट वाटतं."

मी बाबांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी हातातली चकली खाली ठेवली. पुंगळ्यांना हात फक्त माझा लागलाय! पण खरं सांगते, तोपर्यंतही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मी म्हणत होते, मी तर नुसतं स्वच्छ केलं. स्वच्छ केल्याने काय होतं? उलट नियम पाळला.

आई मात्र गॅस बंद करून बाहेर आली. तिला मायक्रोमीटरमधलं काही कळत नव्हतं आणि बाबांचा चेहरा मात्र पूर्ण कळत होता. "बघू तरी ती कोण भवानी आहे," म्हणत तिने पुंगळी उचलली, उजेडात धरली, उलटसुलट फिरवली. पुंगळीच्या अंगावर तांबूस पट्टे होते. आईने त्यावर नख ओढलं. नखाखाली पातळ, काचेसारखा पापुद्रा आला. तिने तो नाकाशी नेला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"अहो, हा तर चिकटा आहे."

"काय?"

"चिकटा! माझ्या कढईला बसतो तो. मेल्या मक्याच्या तेलाचा. मी काय आज ओळखते का त्याला? रोज घासते." आणि ती आत जाऊन कालची रिकामी कढई उचलून घेऊनच आली. तिने तिच्या काठावर नख ओढलं, पुंगळीवर ओढलं आणि दोन्ही पापुद्रे बाबांच्या वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. तोच रंग, तोच वास. "तेल तापलं की सुकून असं बसतं. पण या बंदुकीच्या नळकांड्याला माझं तेल लागलं कुठून?"

कुठून! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला गप्प बसता आलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण बाबांचा तो उताणा हात अजून टेबलावर तसाच होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचा हात गेलेला नाही. मी लावलं तेल."

एकदा तोंड उघडलं आणि सगळं भडाभडा बाहेर आलं. चिंच, मीठ, तेलाची वाटी, चिकटपट्टी, आणि तुम्हीच म्हणता ना हत्यार कोरडं ठेवायचं नाही. शेवटचं वाक्य मी रडत रडत म्हटलं आणि तरीही त्यात थोडा आरोप होताच, माझा स्वभावच तसा. आईने कढई खाली ठेवली आणि कमरेवर हात घेऊन माझ्या वतीने भांडायला तयार उभी राहिली.

आणि बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. "अगं म्हणजे... माझा हात..." ते हसत हसत आईला हात दाखवू लागले. "सुमन, हात ठीक आहे! हात ठीक आहे माझा! आणि या कार्टीने..." पुढे त्यांना बोलताच येईना. त्यांनी मायक्रोमीटर उचलला, ती पुंगळी पुन्हा मापली, आकडा मोठ्याने वाचला आणि शाळेत पहिला आलेल्या मुलासारखं टेबलावर थाप मारली. मग मला जवळ ओढून म्हणाले, "वैजू, नीट ऐक. सगळं हत्यार सारखं नसतं. पान्याला तेल हवं. पण पुंगळीने गोळी सुटताना खोबणीला अंग घट्ट धरायचं असतं. तिथे तेल असलं की ती धरत नाही, सगळा धक्का मागे बोल्टावर येतो. आणि हे तुझं तेल वर भाजून चिकटतं. दोन्हीकडून घात. नियम पाठ केलास, पण कशासाठी आहे ते विचारलं नाहीस. चूक माझीपण आहे, मी सांगितलं नाही." नंतर एकदम गंभीर होऊन म्हणाले, "अबू खालिदना मात्र तू सांगायचं. मी नाही."

मला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेनंतर आम्ही क्लबवर गेलो. अबू खालिद बाहेर तंबूत बसले होते, हसनचाचा त्यांच्यापुढे चहा ओतत होते. माझं शाळेतलं अरबी नमस्कार-चमत्कारापर्यंतच. मी मराठीत सांगू लागले आणि हसनचाचा ऐकता ऐकता कपाळावर हात मारून घेत होते. "अगो पोरी! म्हणजे ती चमक तुझी? आणि मी इथं तुझ्या बापाला उगाच मनातनं दुवा देतंय!" मग ते अरबीत वळले. अबू खालिदांची माळ थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "लेश?" का?

मी म्हटलं, आमच्यात एक दिवस असतो. ज्या वस्तूंवर घर चालतं त्यांना त्या दिवशी स्वच्छ करून मान द्यायचा. तुमचा डबा बाबांच्या हत्यारांत होता. मळकट कसा ठेवू?

हसनचाचांनी ते अरबीत सांगितलं, माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं सांगितलं असणार, कारण अबू खालिदांनी चहाचा पेला बाजूला सारला. मग त्यांनी बाबांना विचारलं आणि हसनचाचांनी त्याचं मराठी केलं: "विचारतायत, माझ्या बापाच्या काडतुसांना या पोरीने मान दिला?" बाबांनी मान हलवली. अबू खालिद एकदम गडगडून हसले. तंबूबाहेर उभा असलेला तो न हसणारा तपासनीसही आत डोकावला. "माझा बाप," ते म्हणाले, "शिकारीहून आला की आधी बंदूक पुसायचा, मग जेवायचा. आई चिडायची. त्याच्यानंतर त्या बंदुकीला कुणी मान दिला नव्हता." आणि मग डोळे मोठे करून मला म्हणाले, "बिंती, माझ्या लेकी, आता हा मान तूच खरवडून काढ."

काढला की! भरलेल्या काडतुसांना हात फक्त हसनचाचांचा. ती त्यांनी स्पिरिटच्या फडक्याने एकेक करून पुसली आणि खोबण दोन दिवस घासली, औषध लावून, ब्रश फिरवून, पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. रिकाम्या पुंगळ्या मात्र माझ्या वाट्याला. ऐन दिवाळीत, सगळे फटाक्यांविना का होईना फराळ खात हिंडत होते आणि मी सोड्याच्या गरम पाण्यात हात घालून पुंगळ्या घासत होते. आई शेजारी पाटावर बसून, मजा बघत, चकली खात म्हणायची, "घास, घास. आता कळलं मी वीस वर्षं काय करतेय ते?" इतकं सुख तिला कुठल्याच दिवाळीत झालं नसेल.

मेळाव्याच्या शुक्रवारी सकाळी हवेत पहिला गारवा होता. वाळूवर गालिचे, किटल्यांतून वेलदोड्याच्या कॉफीचा वास, आणि म्हातारी माणसं आपापल्या वडिलांच्या बंदुका घेऊन नव्या नवरदेवांसारखी सजून आलेली. आम्ही तिघं दोरीच्या मागे. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते सारखा उजवा हात खिशात घालत नि काढत होते. तपासनीस वही उघडून अबू खालिदांच्या शेजारी उभा राहिला. पहिली गोळी. दांडा वर, मागे, आणि पुंगळी सिमेंटवर पडली, टुण्ण. दुसरी, टुण्ण. या दोन नेहमीच सुटायच्या, म्हणून आम्ही अजून श्वास सोडला नाही. तिसरी. अबू खालिद क्षणभर थांबले. मुद्दाम थांबले, लबाड म्हातारा! मग त्यांनी दांडा मुठीने न धरता नुसत्या दोन बोटांनी उचलला. टुण्ण. चौथी, टुण्ण. पाचवीला हसनचाचांनी आधीच "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून टाकलं होतं. तपासनीसाने वाकून पाचही पुंगळ्या उचलल्या, नखाने खरवडून पाहिल्या आणि वहीत सही केली. आईने माझा दंड इतक्या जोरात दाबला की दोन दिवस वळ होता. पुठ्ठ्यावर एकही गोळी मध्यभागी लागली नव्हती, पण ते कुणी पाहिलंच नाही. अबू खालिद लांबूनच ओरडले, "उस्ताद!" आणि बाबांनी खिशातला हात काढून वर केला.

आता बाबा नाशिकला असतात, ऐंशी ओलांडलेले. हात आता खरंच कापतो आणि ते त्याची चेष्टा करतात, "बघ, या खेपेला तू नाहीस हां." मी माझ्या कामावर कुठलाही बिघाड पाहायला गेले की पहिला प्रश्न एकच विचारते: याला शेवटचा हात कुणी लावला आणि तो कशासाठी? लोकांना वाटतं मी संशयी आहे. मी अनुभवी आहे.

त्या मेळाव्याच्या पुढच्या वर्षीची खंडेनवमी. मी हिरव्या कार्डशीटची पानं कापत बसले होते. बाबांनी त्या दिवशी रजा घेतली होती. त्यांनी चौरंगावर हत्यारं मांडली आणि पक्कड नि व्हर्निअरच्या मध्ये गोल जागा रिकामी सोडली. आईने विचारलं, "ही कशाला?" तेवढ्यात बेल वाजली. दारात हसनचाचा, हातात तोच निळा डबा, वर शिक्क्याचा वरका.

"अबू खालिद अरबाबनी पाठवलाय," ते म्हणाले. "म्हणाले, तुमचा तो दिवस असेल तर पोरीच्या हातात द्या, मान तिनंच द्यायचा." आणि खिशातून एक नवंकोरं, घडी घातलेलं पांढरं फडकं काढून त्यांनी डब्यावर ठेवलं. "आणि ह्याच्यानं. कोरडं."

आईने तेलाची वाटी उचलली आणि वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशी ठेवली. सगळे हसले, मीही. मी एकेक पुंगळी बाहेर काढली, कोरडी पुसली, पुन्हा डब्यात उभी केली. साठ. बाबा समोर बसून बघत होते, एकदाही 'सांभाळून' म्हणाले नाहीत. शेवटची झाली तेव्हा त्यांनी जानव्याची किल्ली सोडवली, ट्रंक उघडली आणि मखमलीची हिरवी पेटी माझ्यापुढे सरकवली.

"हाही तूच पूस," ते म्हणाले. "सुमन, ती वाटी खाली दे. याला तेल लागतं."